ताठ मान

मराठीत ‘मान’ हा शब्द दोन रूपांनी नांदतो. एक मान शरीराची, दुसरा मान माणसाचा. दुसऱ्याची चिंता आम्ही जन्मभर केली. पहिलीची आठवण मात्र सत्तरीच्या उंबरठ्यावर झाली.

डिमोना येथील कापडाच्या कारखान्यात आम्ही तीस वर्षे मान खाली घालून काम केले. त्याला दोष देत नाही. मणक्यांमधील गाद्या वयानेही सुकतात व झिजतात. प्रथम खांदा दुखू लागला, मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या. त्याकडे आम्ही दुर्लक्ष केले. परंतु घरच्या मलिद्याच्या प्रसंगी पेटीवर कीर्तनाची साथ करावयास बसलो आणि बोटे सुरांवरून घसरू लागली. सदऱ्याची बटणे पत्नीने लावावी, जिना चढताना पाय अडखळावा, अशी अवस्था झाली. तेव्हा आम्ही कुपत खोलिमच्या डॉक्टरांकडे गेलो.

एम.आर.आय.ने निदान झाले. मानेत सात मणके असतात. त्यांपैकी पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा यांमधील गाद्या झिजून, हाडांचे काटे वाढून, मज्जारज्जूच दाबला गेला होता. केवळ एखादी नस दाबली गेली असेल तर गोळ्या व व्यायाम यांनी बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. मज्जारज्जूची गोष्ट निराळी. तेथे वाट पाहण्यात हातपाय गमावण्याची भीती असते.

आता प्रश्न पडला तो कोणत्या शस्त्रक्रियेचा. दोहोंमध्ये गळ्याच्या पुढील बाजूने शिरून खराब गादी काढतात. त्यानंतर वाटा फुटतात. जुन्या पद्धतीत मोकळ्या जागी हाडाचा तुकडा किंवा पिंजरा बसवून दोन मणके एकजीव होऊ देतात. ही रीत १९५० नंतरच्या दशकात रूढ झाली. नव्या पद्धतीत हलणारी कृत्रिम गादी बसवितात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मानेसाठी अशा गादीस प्रथम २००७ साली मान्यता दिली.

आमच्या पुतण्याने एक्केचाळिसाव्या वर्षी अशी गादी बसवून घेतली होती. तो अश्दोदहून मुद्दाम आला व म्हणाला, “काका, जुनी शस्त्रक्रिया करून घेऊ नका. मणके जोडले की शेजारच्या मणक्यांवर भार येतो.” त्याचे म्हणणे निराधार नव्हते. १९९९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असा अंदाज होता की, मणके जोडलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला दहा वर्षांत शेजारच्या भागाचा नवा त्रास होतो. पुढे अनेक तुलनांत कृत्रिम गादीवाल्यांना पुन्हा शस्त्रक्रियेची गरज कमी पडल्याचे दिसले. मात्र त्यांतील बऱ्याच तुलनांचा खर्च गादी बनविणाऱ्यांनीच केला होता, आणि शेजारची झीज कित्येकदा वयानेही होते, हेही खरे.

या देशाच्या १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याने दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा अधिकार दिला आहे. आम्ही तो बजावला. दुसऱ्या सर्जनबाईंनी चित्रे उजेडात धरून विचारले, “जो सांधा झिजून आधीच हलेनासा झाला आहे, त्यात हलणारी गादी घालून काय मिळणार?” शिवाय आमची हाडे विरळ झाली होती, ठिसूळ हाडात कृत्रिम गादी रुतण्याचा धोका असतो. पुतण्याचे मागचे सांधे शाबूत होते, हाडे भक्कम होती, दबलेली नस एकच होती. त्याला जे योग्य, ते आम्हांस अयोग्य ठरले. त्या दिवशी आम्ही निमूटपणे ‘तोफेस १७’ मागितला.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे आवाज घोगरा राहिला व घास गिळताना त्रास झाला. हाड जुळण्यास महिने लागले. मान पूर्वीइतकी वळत नाही. तरी ती डावीउजवीकडे वळविण्याचे सुमारे निम्मे काम सर्वांत वरचे दोन मणके करतात, त्यामुळे नकार देण्यापुरती शक्ती शिल्लक आहे! बटणे आम्ही स्वतः लावतो. पेटीवर मात्र द्रुत लय साधत नाही. दबलेला मज्जारज्जू सारेच परत देत नाही. सहा महिने आधी गेलो असतो तर, हा विचार अजून बोचतो.

म्हणून वाचक बंधुभगिनींना एवढीच विनंती. नवे ते उत्तम किंवा जुने ते सोने, असे ठरवून डॉक्टरांकडे जाऊ नका. आपल्या सांध्यांची, हाडांची व मज्जारज्जूची स्थिती काय, हे विचारा. आणि बोटांतून सुई निसटू लागली, बटण लागेनासे झाले, तर ‘वय झाले’ म्हणून घरी बसू नका.

तोरात आपल्या पूर्वजांना ‘ताठ मानेचे लोक’ म्हणून बोल लावला आहे. आमच्या बाबतीत तो आता शब्दशः खरा झाला. पुतण्या हे ऐकून हसतो. हसताना त्याची मान छान डोलते, आणि आम्ही ती समाधानाने पाहतो.