माझं सासर कानाझावाला

बालमित्रांनो, 'सासर' म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? आत्याचं सासर कऱ्हाडला, मावशीचं नाशिकला, असंच ना? माझं सासर मात्र आहे थेट जपानमध्ये, कानाझावा या गावी! मी साताऱ्याची आणि माझे यजमान जपानी.

टोकियोहून शिंकान्सेन, म्हणजे जपानची ती सुप्रसिद्ध वेगवान आगगाडी पकडली, की सुमारे अडीच तासांत कानाझावा येतं. २०१५ साली ही गाडी तिथपर्यंत पोचली. हिवाळ्यात या भागात ओला, जड बर्फ पडतो. त्याच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून केनरोकुएन या बागेत पाइनच्या झाडांना उंच खांबावरून दोर बांधून आधार देतात. लांबून पाहिलं, तर झाडांवर दोरांच्या छत्र्या उघडल्यासारख्या वाटतात. आणि जपानमधला जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख याच गावात तयार होतो, बरं का!

पहिल्यांदा सासरी निघाले, तेव्हा मात्र माझं मन बागेत नव्हतं. लग्नाला सासऱ्यांनी होकार दिला होता, पण तो मनापासून नव्हता, हे मला ठाऊक होतं. 'परदेशातली मुलगी आपल्या घरात रमेल का?' ही त्यांची काळजी. 'हे लोक मला आपलं म्हणतील का?' ही माझी!

जपानी घरात शिरल्या शिरल्या 'गेनकान' नावाची थोडी खोलगट जागा असते. पादत्राणं तिथेच काढायची आणि टोकं दाराकडे करून ठेवायची. म्हणजे निघताना पाय सरळ आत! चपला दाराशी काढायची आपल्याला सवयच असते, त्यामुळे ही परीक्षा सोपी गेली. आत पाऊल टाकताना पाहुण्याने म्हणायचं, 'ओजामा शिमास'. म्हणजे साधारण 'तुम्हाला त्रास द्यायला आले हं!' मी तसं म्हटलं. सासूबाई कमरेत वाकल्या, मीही वाकले. मी नेलेला कंदी पेढ्यांचा पुडा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. पण उघडला नाही. तो आधी गेला घरातल्या देव्हाऱ्यात, पूर्वजांपुढे. तिथे रोज सकाळी ताजा भातही आधी ठेवतात आणि छोटी घंटा वाजवतात. आपला नैवेद्यच की!

तुम्ही म्हणाल, जवळ घेतलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही, हे कसलं स्वागत? थांबा, पुढे ऐका.

मी शाकाहारी. जपानी स्वयंपाकात 'दाशी' नावाचं चवदार पाणी जागोजागी घालतात आणि ते बहुधा सुकवलेल्या माशापासून करतात. मला वाटलं, आता आठवडाभर नुसता भात! पण बौद्ध देवळांमध्ये शाकाहारी स्वयंपाकाची फार जुनी परंपरा आहे. सासूबाईंनी त्याचं पुस्तक आणून ठेवलं होतं. माशाऐवजी त्यांनी कोंबू या समुद्री वनस्पतीची दाशी केली होती. मिसोचं सूप, टोफू, मुळा, मश्रूम... आणि आठवडाभर सासऱ्यांसकट सगळ्यांनी तेच खाल्लं. एका शब्दानेही कुणी बोलून दाखवलं नाही.

आंघोळीचीही गंमत सांगते. आधी बाहेर साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि मग गरम पाण्याच्या टबात निवांत बसायचं. तेच पाणी पाळीपाळीने सगळे वापरतात. म्हणून पहिला मान पाहुण्याचा. रोज रात्री सासऱ्यांच्याही आधी माझा नंबर!

चौथ्या दिवशी मी एकटीच बाजारातून भाजी घेऊन आले. दारात बूट काढत 'ओजामा शिमास' म्हटलं. सासरे वर्तमानपत्र वाचत होते. मान वर न करताच ते म्हणाले, "ते पाहुण्यांनी म्हणायचं. घरच्यांनी 'तादाइमा' म्हणायचं."

'तादाइमा' म्हणजे 'आले मी!' मी हळूच म्हटलं, "तादाइमा." ते म्हणाले, "ओकाएरि." म्हणजे, 'आलीस का घरी!'

त्या रात्री आंघोळीला माझा नंबर शेवटचा लागला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

निघायच्या दिवशी आणखी एक गंमत कळली. आपण घरून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. जपानी माणूसही म्हणतो, 'इत्ते किमास'. अर्थ काय? 'जाऊन येते'! आणि घरचे म्हणतात, 'इत्तेराश्शाय', म्हणजे 'जाऊन ये'. इतक्या दूरचा देश, पण उंबरठ्यावरचं बोलणं अगदी आपल्यासारखं!

तेव्हा मुलांनो, तुमच्या घरी कधी परप्रांतातली वहिनी किंवा परदेशातला काका आला, तर पहिल्या दिवशी त्याला भरपूर मान द्या. आणि चौथ्या दिवशी खुशाल पानं मांडायला सांगा!