डोक्यावरची मोळी

नेकनूर हे बालाघाटाच्या पठारावरचं गाव. आमच्याकडं डोंगर चढायचा तो जनावरांमागं, नाहीतर नवसासाठी. कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जायचं तर चढायचंही नसतं, उलट दरीत उतरावं लागतं. त्यामुळं आम्ही शाळेपासूनचे मित्र कळसूबाई चढणार आहोत आणि त्यानिमित्तानं ऊसतोड मजुरांच्या लेकरांच्या वसतिगृहासाठी वर्गणी गोळा करतो आहोत, हे आठवडी बाजारात पावतीपुस्तक घेऊन सांगताना बरंच समजावून सांगावं लागलं. शेळ्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "कशाला जायलाव तितक्या लांब? देव हाय का वर?" आहे म्हटल्यावर तिनं कनवटीची वीसची नोट काढली. "मंग माझाबी नमस्कार सांगा."

तिचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. लेकरांना पैसे द्यायचे तर सरळ द्यावेत, मध्ये डोंगर कशाला? मला वाटतं, मागणाऱ्यानं स्वतः काही कष्ट उपसले की देणाऱ्याचा संकोच कमी होतो. आपल्याकडं नवस तसाच चालतो. आधी अंगाला झळ, मग मागणं. फक्त इथं मागणं स्वतःसाठी नसतं. दुसरं असं की डोंगर एकट्यानं चढता येतो, पण वर्गणी एकट्यानं मागताना जीभ अडखळते. चौघं सोबत असले की ती मोकळी होते. एक अट मात्र आम्ही पहिल्याच दिवशी घातली. गाडीचं डिझेल, जेवण, मुक्काम ज्याचं त्यानं भरायचं. वर्गणीतला एक रुपयाही प्रवासात जाता कामा नये. दुसऱ्याच्या दानावर स्वतःची सहल उरकणं मला पाप वाटतं, आणि हे मी ठामपणे म्हणतो.

बीड, नगर, संगमनेर, अकोले, राजूर करत आम्ही पायथ्याच्या बारी गावात पोचलो. भाद्रपद होता. उतारावर सोनकी फुलली होती, खाचरांत भात उभा होता. दुष्काळी मुलखातल्या माणसाला एवढं पाणी पाहून आनंद होतो आणि थोडं दुःखही होतं. कळसूबाई १,६४६ मीटर उंच. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. त्याला एका कामकरी मुलीचं नाव आहे, हे मला तिथं गेल्यावर फार महत्त्वाचं वाटू लागलं. कथा सांगतात ती अशी: कळसू ही कोळ्याची पोर, परक्या घरी कामाला राहिली. भांडी घासणार नाही आणि झाडलोट करणार नाही, एवढी तिची अट. घरात पाहुणे आले, अट मोडली गेली, आणि ती काम टाकून डोंगरावर निघून गेली. पुन्हा खाली आलीच नाही. राज्याचा माथा ज्या मुलीच्या नावावर आहे, तिनं मालकाला नाही म्हटलं होतं.

कातळाचे टप्पे आले की तिथं लोखंडी शिड्या आहेत. दोन्ही बाजूंना कठडे, पाठीवर पाण्याची बाटली आणि दशम्यांची पिशवी, एवढंच आमचं ओझं. तरीही पोटऱ्या भरून येत होत्या. अशाच एका शिडीच्या मध्यावर मला उसाच्या फडातली शिडी आठवली.

ती ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कोयत्यानं ऊस तुटतो, पाचट साळलं जातं, वाढं वेगळं होतं, मोळी बांधली जाते. मग ट्रक येतो, बऱ्याचदा रात्री. ट्रकला अरुंद शिडी किंवा फळी लावतात. बाई चुंबळ ठेवून ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेते, एका हातानं ती सावरते आणि दवानं ओल्या फळीवर पाऊल टाकते. कठडा नसतो. वर मोळी टाकली की उतरायचं, पुढची उचलायची, ट्रक भरेपर्यंत. मुकादमाची उचल फिटायची असते. नवराबायको मिळून एक कोयता, अशी तिथली मोजणी. लेकरू कोपीत झोपलेलं, नाहीतर धाकट्याला सांभाळत जागं.

आमच्या चढाईचे फोटो लोकांनी कौतुकानं पाहिले. त्या चढाईचे फोटो कोण काढणार?

एडमंड हिलरी १९५३ मध्ये तेनसिंगसोबत एव्हरेस्टवर पोचला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला तो मोठा वाटतो तो नंतरच्या कामामुळं. ज्या शेर्पांनी गिर्यारोहकांची ओझी वाहिली, त्यांच्या लेकरांसाठी त्यानं १९६१ मध्ये खुमजुंगला शाळा उभारली. पुढं हिमालयन ट्रस्टमार्फत शाळा आणि दवाखाने बांधत तो आयुष्यभर पैसे गोळा करत राहिला. आपल्या चहातली साखरही अशीच कुणाच्या तरी डोक्यावरून वर चढलेली असते. म्हणून या वर्गणीला मी दान म्हणत नाही. ते देणं आहे, आणि ते थकलेलं आहे.

देणं फेडणारी माणसं आमच्या जिल्ह्यात आहेत. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी शांतिवन उभं केलं, तिथं ऊसतोड मजुरांची लेकरं शिकतात. सरकारनं २०२१ मध्ये या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं वसतिगृह योजना आणली. तरीही गरज मोठी आहे.

तेव्हा कळसूबाई चढा, साल्हेर चढा, नाहीतर गावामागची टेकडी चढा. मित्रांना सोबत घ्या, पावतीपुस्तक ठेवा, खर्च आपापला करा. फक्त पैसे दसऱ्याच्या आत पोचवा. दसरा झाला की टोळ्या निघतात, आणि आईबापांबरोबर ट्रकमध्ये बसलेलं लेकरू उन्हाळा लागेपर्यंत गावच्या शाळेत परत येत नाही.