ब्रॉडवेवरचा मोकळा प्रयोग

न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये भरदुपारीही दिवे जळत असतात. जळत असतात म्हणणे खरे नव्हे. ते धावतात, उड्या मारतात, अंगावर येतात. इमारतीच्या इमारती झाकणाऱ्या जाहिराती, पिवळ्या टॅक्सींचे भोंगे, पोलिसांच्या गाडीची किंकाळी, आणि प्राण्यांचे मुखवटे चढवून फोटोसाठी डॉलर मागणारी माणसे. मी मराठीचा प्राध्यापक. ‘कोलाहल’ हा शब्द वर्गात अनेकदा समजावून सांगितला असेल. पण तो डोळ्यांनाही लागू पडतो, हे इथे कळले. आणि या कोलाहलातून काही वर्षांपूर्वी आम्ही कुठे निघालो होतो म्हणाल, तर माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला नाटक दाखवायला! घरात मिक्सर लागला तरी तो कानांवर हात ठेवून पलंगाखाली शिरतो.

त्याला नाटकाला नेण्याची ही पहिली वेळ नव्हती. दोन वर्षांपूर्वी धाकटी बहीण सुट्टीत माहेरी आली, तेव्हा मीच हौसेने आमच्या गावातल्या एका बालनाट्याची तिकिटे काढली होती. तिसरी घंटा झाली, एकदम काळोख पसरला, ध्वनिक्षेपकातून राक्षस हसला, आणि भाचा किंचाळला. थांबेचना. मागच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, “अहो, अशा मुलांना आणता कशाला?” मी काय करावे? मी त्या गृहस्थांची क्षमा मागितली! रिक्षात बसल्यावर बहिणीला वर म्हणालो, “याला नाटकबिटक झेपायचं नाही, उगीच हट्ट करू नकोस.” ती काही बोलली नाही. घर येईपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

तिनेच न्यूजर्सीहून पत्र पाठवले होते : “दादा, तू येतोच आहेस, तर नाटकाला चल. तिकिटं मी काढली आहेत.”

अशा मुलांना आपण ‘स्वमग्न’ म्हणतो. शब्द घडवणाऱ्याचा हेतू चांगला असेल, पण भाच्याला पाहिल्यापासून तो मला खटकतो. पोर स्वतःत मग्न कुठले? उलट बाहेरचे जगच दार न ठोठावता त्याच्या आत घुसते. आपल्याला जो आवाज येतो, तो त्याला आदळतो. आपल्याला जो दिवा दिसतो, तो त्याला टोचतो.

मिन्सकॉफ थिएटर पंचेचाळिसाव्या रस्त्यावर एका उंच कचेऱ्यांच्या इमारतीत आहे. सरकत्या जिन्याने वर जावे लागते. वरच्या दालनाला मोठमोठ्या काचा. त्यांतून टाइम्स स्क्वेअर दिसतो, मात्र मुक्याने. भाच्याने कानांवरचे टोप प्रथम तिथे काढले.

खेळ होता ‘द लायन किंग’चा. थिएटर डेव्हलपमेंट फंड या संस्थेने २०११ सालच्या २ ऑक्टोबरला याच थिएटरात, याच नाटकाचा स्वमग्न मुलांसाठी खास प्रयोग केला; ब्रॉडवेवरचा असा तो पहिला. सगळ्या खुर्च्या संस्थाच विकत घेते आणि कमी दरात या कुटुंबांना देते. नाटकात फारसा बदल नाही. दचकवणारे आवाज थोडे उतरवतात, प्रेक्षकांवर लखलखणारे दिवे बंद ठेवतात, बस्स. इंग्लंडात अशा प्रयोगांना ‘रिलॅक्स्ड’ म्हणतात. तिथे प्रेक्षागृहातले दिवेही मंद तेवत ठेवतात. मी त्याला मोकळा प्रयोग म्हणेन.

पण खरी मेख प्रयोगाआधीच असते. बहिणीने घरीच एक सचित्र पत्रक छापून घेतले होते : आपण जिन्याने वर जाऊ, कुणीतरी तिकीट बघेल, अंधार होईल, लोक टाळ्या वाजवतील, नको वाटले तर बाहेर जाता येईल. भाच्याने आठवडाभर त्याची पारायणे केली होती. घडी घालून घालून कागद मऊ झाला होता.

नाटक सुरू झाले. काठ्यांवर चालणारे जिराफ आले, आणि आमच्या शेजारच्या वाटेतून अख्खा हत्ती डुलत गेला. पुढच्या रांगेतला एक थोराड मुलगा नटांच्या आधीच त्यांची वाक्ये मोठ्याने म्हणू लागला. सवयीने माझी मान रागाने वळली. वळलेली मान त्या अख्ख्या प्रेक्षागृहात माझी एकटीच! कुणी वाटेत उभे होते, कुणी हात फडफडवत होते, एक मुलगी खाली बसून खुर्चीचा पाया कुरवाळत होती. मी ओशाळून मान सरळ केली.

आणि मला आमच्या कोकणातल्या जत्रेतला दशावतार आठवला. तिथे पोरे रात्रभर बसत, झोपत, उठून खाजे खाऊन येत, संकासुराला ओरडून उत्तरे देत. कुणी ‘शूऽऽ’ म्हणत नसे. मुकाट बसणे हा नाटकाचा काही सनातन धर्म नव्हे. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘लिट्ल थिएटर’ काढले, तेव्हापासून आपण मुलांसाठी किती हौसेने नाटके करत आलो. त्या नाटकांना आरडाओरडा चालतो, पण तो आपण ठरवलेल्या जागी व्हावा लागतो.

रानगव्यांसारख्या जनावरांचा कळप उधळला, नगारे घुमू लागले, तेव्हा भाचा उठलाच. बहिणीने माझ्याकडे पाहिले. या वेळी मी कुणाची क्षमा मागितली नाही. त्याच्यामागून बाहेर गेलो. दालनात एक शांत कोपरा राखला होता, तिथली माणसे या मुलांची जाणकार. एका बाईने त्याला चुरगाळायला रबरी चेंडू दिला आणि दुसरे काही विचारले नाही. त्याने पत्रक उघडले, ‘बाहेर जाता येईल’ या ओळीवर बोट ठेवून मला दाखवले. दहा मिनिटांनी तो आपणहून आत निघाला.

परतीच्या बसमध्ये बहीण खिडकीशी डोळे मिटून बसली होती. मी तिला म्हणालो, “त्या दिवशी रिक्षात मी चुकलो गं.”

“मला वाटलं, तू विसरलास,” ती डोळे न उघडताच म्हणाली.

भाच्याने माझी बाही ओढली. “मामा, हत्तीच्या पायांत माणसं होती. चार.”

मला एकही दिसला नव्हता.