अंथरूण आणि पाय

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आमच्या आत्याच्या तोंडीं दिवसांतून चार वेळां तरी येत असे. पाहुणे यावयाचे असले कीं तिनें ती स्वयंपाकघरांत म्हणावी, दिवाळीच्या कपड्यांची यादी निघाली कीं ओटीवर म्हणावी, आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीं अवघें पुस्तक वाचून काढण्याचा संकल्प आम्हीं सोडला कीं तेव्हांही म्हणावी. ही म्हण संगणकांतील ग्राफिक्स कार्डालाही लागू पडते, हें तिला ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. आम्हांलाही तें गेल्या पावसाळ्यांतच कळलें, आणि तेंही तिच्याच निमित्तानें.

आमच्या ताईचें लग्न १९८९ सालीं साताऱ्यास झालें. लग्नाचा व्हिडिओ काढणें ही त्या वेळीं मध्यम स्थितींतील घरांतून नुकतीच रुळूं लागलेली हौस होती. खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक गृहस्थ आणि त्याच्यामागें भगभगीत दिवा धरून धांवणारा एक पोऱ्या, अशी जोडी मांडवभर हिंडत होती, आणि आमची आत्या त्या दिव्याला चुकवीत होती. सातव्या वर्षीं तिला देवी आल्या होत्या. जीव वांचला, पण चेहऱ्यावर खोल वण राहिले, आणि त्या वणांपायीं तिचें लग्न कधींच जमलें नाहीं. आमची आई लवकर गेल्यामुळें आम्हां दोघां भावंडांना तिनेंच वाढविलें. फोटोच्या वेळीं ती मागच्या रांगेंत उभी राही आणि पदर गालावर ओढून घेई. त्या दिवशीं मात्र सुवासिनींचें औक्षण आटोपल्यावर ताई हट्टाला पेटली. ‘आत्यानें ओवाळल्याशिवाय मी पाटावरून उठणार नाहीं,’ म्हणून बसली. आत्या पुढें आली, निरांजनाचें तबक हातांत घेऊन तिनें मान वर केली, आणि अकरा सेकंद ती थेट कॅमेऱ्याकडे पाहत राहिली. पुढच्याच वर्षीं ती वारली. तिचें हालतें-चालतें रूप म्हणून आज जें कांहीं उरलें आहे, तें त्या अकरा सेकंदांपुरतेंच.

ती कॅसेट आम्हीं नुकतीच संगणकाच्या फाइलींत उतरवून घेतली आणि मोठ्या हौसेनें नव्या टीव्हीवर लावली. पाहतों तों आत्याचा चेहरा म्हणजे ठिगळें लावलेली गोधडी! चूक कोणाचीच नव्हती, हिशेबच तसा होता. आपल्याकडील जुन्या चित्रवाणीच्या चित्रांत दिसणाऱ्या ओळी ५७६. संगणकांत उतरतांना प्रत्येक ओळींत ७२० ठिपके धरतात. म्हणजे सारें चित्र ४ लाख १४ हजार ७२० ठिपक्यांचें. त्यांतही व्हीएचएसच्या फितीवर आडव्या अंगानें एवढा तपशील मावतच नाहीं, त्याच्या निम्म्याहूनही कमी मावतो. उलट आमचा टीव्ही ‘फोर-के’, म्हणजे ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचा. जुनें चित्र चारास तीन या प्रमाणाचें असल्यामुळें दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या वगळल्या, तरी मधल्या भागांत ६२ लाख २० हजार ८०० ठिपके भरावे लागतात. हे बरोबर पंधरापट झाले. पंधरांतील एक ठिपका फितीवरचा आणि उरलेले चौदा कोणीतरी भरावयाचे. जुन्या हिशेबानें सांगावयाचें तर रुपयांत जेमतेम आणाभर आपला आणि बाकीचे पंधरा आणे उसने.

हे पंधरा आणे आणावयाचे कोठून? जुनी रीत अशी कीं, नव्या ठिपक्याचा रंग भोंवतालच्या ठिपक्यांवरून गणितानें काढावयाचा. ‘बायक्युबिक’ रीतींत शेजारचे सोळा ठिपके हिशेबांत घेतात. ‘लँक्झॉस’ म्हणून जी रीत आहे ती कडा थोड्या अधिक रेखीव ठेवते. या रीती पदरचें कांहीं घालीत नाहींत, पण चित्र पाणी घातलेल्या ताकासारखें पातळ होतें. नवी रीत अनुमानाची. २०१४ सालीं हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठांतील संशोधकांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं या कामीं चेताजालाचा उपयोग करून दाखविला. २०२१ सालचें ‘रिअल-ईएसआरगॅन’ हें त्याच वाटेवरचें पुढचें साधन. चांगलें चित्र आणि मुद्दाम बिघडविलेली त्याचीच प्रत, अशा असंख्य जोड्या पाहून असलें साधन शिकतें, आणि मग आपलें बिघडलेलें चित्र पाहून तें मुळांत कसें असावें याचा अंदाज बांधतें. तो अंदाज बहुधा सुरेख असतो. परंतु तो अंदाजच असतो, ही गोष्ट चित्र पाहतांना डोळ्यांच्या लक्षांत राहत नाहीं.

ताईचा मुलगा पुण्यास संगणकाच्या धंद्यांत आहे. एका रविवारीं तो आमच्याकडे आला आणि यंत्रापुढें बसला.

“मामा, तुमच्या कार्डाची मेमरी किती?” त्यानें विचारलें.

“आमच्या संगणकांत कार्ड आहे, हेंच आम्हांला आज कळतें आहे!” आम्ही म्हणालों.

मेमरी चार गिगाबाइट निघाली. भाच्यानें समजावून सांगितलें तें असें: ग्राफिक्स कार्डाची मेमरी संगणकाच्या मेमरीहून निराळी असते, आणि चित्र, तें वाढविणारें मॉडेल व मधली सारी आंकडेमोड हें सगळें त्या मेमरींत एका वेळीं मावावें लागतें. पहिल्याच खेपेस त्यानें मोठें मॉडेल आणि चौपट वाढ मागितली. मेमरी संपल्याची सूचना देऊन यंत्र स्वस्थ बसलें. मग त्यानें प्रत्येक चित्राचे तुकडे पाडावयास सांगितलें. या तुकड्यांना ‘टाइल’ म्हणतात. चारशे ठिपक्यांची टाइल मावली नाहीं, दोनशेंची मावली. तुकड्यांच्या कडा एकमेकींवर थोड्या चढवाव्या लागतात, नाहींतर चित्रांत सांधे दिसतात. तुकडे जितके लहान, तितकें हें कडांचें दुहेरी काम अधिक. लहान तव्यावर मोठी भाकरी भाजतां येत नाहीं. लहान लहान भाजाव्या लागतात. वेळ जातो, पण जेवण होतें.

वेळेचा हिशेब मात्र छाती दडपविणारा होता. सेकंदाला पंचवीस चित्रें धरलीं, तर तासाभराच्या फितींत नव्वद हजार होतात. मोठ्या मॉडेलानें आमच्या कार्डावर एका चित्रास सहा सेकंद लागत. म्हणजे एकूण दीडशें तास, किंवा सहा दिवस आणि सहा तास! हलकें मॉडेल सेकंदाला दोन चित्रें उरकी. त्यास साडेबारा तास पुरणार होते. “रात्रीं लावून निजा, सकाळीं चहा झाल्यावर पाहा,” असें सांगून भाच्यानें हलकें मॉडेल आणि दुप्पट वाढ मुक्रर केली. दुपटीनें ठिपके चौपट होतात. म्हणजे रुपयांतील पावली तरी आपली राहिली.

त्याआधीं त्यानें आणखी एक संस्कार केला. जुन्या चित्रवाणीचें प्रत्येक चित्र दोन हप्त्यांनीं येई. आधीं एकाआड एक ओळी, आणि एकपन्नासांश सेकंदानें राहिलेल्या ओळी. तेवढ्यांत माणूस हालला, तर दोन्ही हप्ते जुळत नाहींत आणि त्याच्या कडेला फणीचे दांते उमटतात. तसेंच चित्र वाढवावयास दिलें, तर यंत्र त्या दांत्यांनाच खरें समजून अधिक धारदार करतें. म्हणून ही वीण आधीं सोडवावी लागते. त्यास ‘डीइंटरलेस’ करणें म्हणतात. मग त्यानें सबंध फीत न लावतां, दहा-बारा सेकंदांचा तुकडा आधीं करून पाहिला. तो तुकडा कोणता, हें वाचकांस सांगावयास नको. चित्रांतील मुंग्या झाडण्याची जी खुंटी असते, ती त्यानें अगदीं कमी ठेवली. चेहरे सुधारण्याचें म्हणून एक वेगळें मॉडेल जोडतां येतें. तें आमच्या कार्डांत मावेना, म्हणून तें त्यानें बंद केलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं आत्याला पाहिलें. चित्र कांहींसें मऊ होतें, मुंग्या थोड्या होत्या. पण तबकांतील ज्योत हालत होती, आत्याचे डोळे दिसत होते, आणि दिव्याच्या उजेडांत तिच्या गालांवरचे खळगेही दिसत होते.

गोष्ट येथेंच संपावयाची. पण भाच्याला आमच्या कार्डाच्या दारिद्र्याची दया आली. त्याच्या स्वतःच्या यंत्रांत सोळा गिगाबाइटांचें कार्ड आहे. फाइल घेऊन तो गेला, आणि पुढच्या रविवारीं मोठें मॉडेल, चौपट वाढ, मुंग्यांची खुंटी शेवटास आणि चेहऱ्याची सुधारणा चालू, असें करून घेऊन आला. आम्हीं टीव्हीवर लावलें. मोत्यांची नथ, पैठणीची किनार, तबकांतील कुंकू, सारें काल चित्रित केल्यासारखें! आणि मध्यें आत्या. गाल नितळ, हनुवटी गुळगुळीत. एकही वण नाहीं.

खोटें कशाला सांगा, पहिल्या क्षणीं आम्ही खूष झालों. काय गेलें तें दुसऱ्या क्षणीं कळलें. यंत्रानें दुष्टावा कांहींच केला नव्हता. वण म्हणजे चित्राचा बिघाड, असा त्याचा समज झाला आणि त्यानें तो बिघाड काढून टाकला. असल्या साधनांना शिकविण्यासाठीं ७०,००० चेहऱ्यांचा एक संग्रह सर्रास वापरतात. लोकांनीं इंटरनेटवर चढविलेल्या छायाचित्रांतून तो केलेला आहे. देवीचा रोग जगांतून नाहींसा झाल्याचें १९८० सालींच जाहीर झालें. तेव्हां देवीच्या वणांचा चेहरा त्या बिचाऱ्या यंत्रानें कितीसा पाहिला असणार!

“मग हें टाकून द्यावें,” आम्ही म्हणालों.

आमच्या सौभाग्यवतींना तें पटलें नाहीं. “अहो, जन्मभर त्यांनीं देवाजवळ हाच चेहरा मागितला असेल. तेव्हां मिळाला नाहीं. आतां मिळतो आहे, तर मिळूं द्या कीं!”

यावर आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. आत्यानें मागच्या रांगेंत उभें राहून काढलेलीं तीं सारीं वर्षें आम्हांला आठवलीं. ज्या वणांनीं तिचा संसार होऊं दिला नाहीं, ते जपून ठेवण्याचा आग्रह आम्हीं कोणत्या तोंडानें धरावा? शेवटीं हा निवाडा ताईवर सोंपवावा, असें ठरलें.

गणपतीला ताई आली. आम्हीं तिला आधीं कांहीं न सांगतां दोन्ही चित्रें लागोपाठ दाखविलीं. आधीं आमच्या गरीब कार्डाचें, मग भाच्याच्या श्रीमंत कार्डाचें. दुसरें पाहून ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग हनुवटीच्या डाव्या अंगाला बोट लावून म्हणाली, “येथें तिचा एक मोठा वण होता. लहानपणीं त्यांत बोट ठेवल्याशिवाय मला झोंप येत नसे. पहिलें पुन्हां लाव.”

आम्हीं पहिलें पुन्हां लावलें.

“दुसरें पुसून टाकूं का, आई?” भाच्यानें विचारलें.

“पुसूं नकोस,” ताई म्हणाली. “मामी म्हणते तेंही खरें. तिला तें आवडलें असतें. राहूं दे. पण त्याच्यावर तिचें नांव घालूं नकोस.”

त्याप्रमाणें आतां आमच्या घरीं तीन फाइली आहेत. फितीवरून उतरविलेली मूळ फाइल, जिला कोणीं हात लावावयाचा नाहीं. दुप्पट केलेली, जिच्यावर आत्याचें नांव आहे. आणि चौपट केलेली, जिच्यावर नुसती तारीख आहे. प्रत्येकीसोबत कोणतें मॉडेल, किती पट वाढ, मुंग्यांची खुंटी कोठें आणि चेहऱ्याची सुधारणा चालू कीं बंद, एवढें टिपून ठेवलें आहे. कारण उद्यां नातवंडें पाहतील तेव्हां फितीवरचें किती आणि यंत्राच्या पदरचें किती, हें सांगावयास आम्ही असूंच असें नाहीं.

कार्ड पाहून खुंट्या पिळाव्या, हें आत्याच्या म्हणींतलें अर्धें शहाणपण झालें. चार गिगाबाइटांवर चौपट मागूं नये, तुकडे लहान करावे, मॉडेल हलकें घ्यावें, आणि रात्रभर थांबावें. पुढेंमागें सोळा गिगाबाइटांचें कार्ड आमच्याही घरीं येईल. मग या अडचणींतील एकही उरणार नाहीं आणि सगळ्या खुंट्या शेवटापर्यंत पिळण्याचा मोह होईल. त्या दिवशीं म्हणीचें दुसरें अर्धें लक्षांत ठेवावें लागेल, जें आत्यानें कधीं बोलून दाखविलें नाहीं, कारण तिच्या घरांत तशी वेळच आली नाहीं. अंथरूण मोठें मिळालें म्हणून पाय कांहीं वाढत नाहींत.