वाऱ्यातला र

ई-पुस्तकं करणाऱ्या आमची ईपब की मोबी या भांडणातून २०२२मध्ये सुटका झाली. सेंड टू किंडल ईपब घेऊ लागलं आणि मोबीची वेगळी फाइल करणं थांबलं. वाऱ्यातला र मात्र अजून छळतो.

प्रकाशकांकडच्या जुन्या फाइली बहुतेक श्रीलिपीतल्या. त्या युनिकोडमध्ये आणताना वेलांटी जागेवर बसते, रफारही बसतो, आणि 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं. हा आडवा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. र, हलन्त आणि त्यांच्यामागून न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. नाहीतर इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे दाबून मिळणारा ऱ आणि हलन्त. पहिल्या तऱ्हेत कुठल्यातरी साफसफाईत झेडडब्ल्यूजे गळतो आणि र डोक्यावर चढून बसतो. दुसरी टिकते, पण ई-वाचक जुना असला की खाली नुक्ता आणि हलन्त लटकवून र उघडा पडतो. सरसकट बदलावं तर 'सूर्य' आणि 'कार्य' नासतात. 'आचार्यांना'पाशी तर यंत्र हात टेकतं. शिकवणारे की स्वयंपाक करणारे, ते वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही.

माझी भिस्त पहिल्या तऱ्हेवर होती. हाताखाली आलेल्या मुलीनं विचारलं, "सर, 'दुसऱ्या' शोधलं तर निम्मेच का सापडतात?" पुस्तकात दोन्ही तऱ्हा मिसळल्या होत्या, दिसायला जुळ्या आणि शोधायला परक्या. मी पान नजरेनं तपासतो, ती शोधून तपासते. आता सगळीकडे ऱ, आणि तो पेलणारा फाँट फाइलीतच भरून देतो. वाचक तो बाजूला सारून किंडलचा दुसरा फाँट लावतो तेव्हा मला अपमान झाल्यासारखं वाटतं, हे तिला सांगितलेलं नाही.

डेमी आकाराचं छापील पान स्कॅन करून सहा इंची पडद्यात कोंबणारे आणि त्या पीडीएफला ई-पुस्तक म्हणणारे आमच्याच धंद्यात आहेत. दरही आमच्यापेक्षा कमी. त्यांचा र कधी चुकत नाही, फोटोच असतो तो.

हल्ली मी प्रकाशकांना सुचवतो, श्रेयपानावर ई-आवृत्ती कुणी केली तेही येऊ द्या. ते म्हणतात, "घालू, पण अगदी बारीक अक्षरात." मी लगेच मान्य करतो. ई-वाचकावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, हे त्यांच्या लक्षात येत नाही.