पाचशेची नोट आणि विलायती दरोडा

सिनेमात बँक येते ती फक्त लुटली जाण्यासाठी. दरोडेखोर बुरखे घालून येतात, मॅनेजर हात वर करतो आणि कारकून टेबलाखाली जातो. बावीस वर्षं मी बँकेत नोटा मोजतोय. पण टेबलाखालच्या त्या कारकुनाकडे वाकून बघणारा दिग्दर्शक काही मला भेटला नाही. त्या दिवशी त्याची कॅश जुळली का? घरी जायला किती वाजले? कोण विचारतो!

म्हणून मला जुने विलायती चित्रपट आवडतात. हॉलीवूडचे नव्हेत, अस्सल इंग्लंडातले, काळे-पांढरे, ज्यांत माणसं छत्री घेऊन कचेरीत जातात. भाच्याने टीव्हीला इंटरनेट जोडून दिल्यापासून जेवणं झाली की मी ते शोधत बसतो. भाचा म्हणतो, "मामा, यात काही घडतच नाही!" अरे, बी.कॉम. झाल्यापासून माझ्या आयुष्यात तरी काय घडलंय?

त्या मंडळींना मात्र कारकुनाचं मोल कळलं होतं. 1951 सालच्या 'द लॅव्हेंडर हिल मॉब'मध्ये अ‍ॅलेक गिनेस हा सोन्याच्या विटांची ने-आण सांभाळणारा पापभीरू बँक-नोकर आहे. वर्षानुवर्षं इमानेइतबारे चाकरी करतो आणि एके दिवशी ते सोनं पळवून त्याचे चक्क छोटे छोटे आयफेल टॉवर ओततो! हा चित्रपट निदान गाजला, त्याच्या पटकथेला ऑस्करही मिळालं. पण 1961 सालचा 'कॅश ऑन डिमांड' किती जणांनी पाहिलाय?

तो काढला हॅमर कंपनीने. या कंपनीची ख्याती भुताखेतांची, त्यामुळे ड्रॅक्युलाच्या गर्दीत हा बिचारा मागेच राहिला. मुळात ते 1960 सालचं टीव्हीवरचं नाटक, 'द गोल्ड इनसाइड'. चित्रपट झाला हे बरंच झालं म्हणायचं. कारण त्या काळची कितीतरी टीव्ही-नाटकं आज उरलेलीच नाहीत. टेप महाग, म्हणून खुद्द बीबीसीसुद्धा जुनं पुसून त्यावर नवं घेत असे. आमच्याकडे चहाच्या बिलाचं व्हाउचरसुद्धा वर्षानुवर्षं जपतात!

तर, नाताळ तोंडावर आलाय आणि गावातल्या लहानशा शाखेत मॅनेजर फॉरडाइस कामावर येतो. ड्रॅक्युलाला संपवणारा पीटर कुशिंग इथे साहेब झालाय आणि स्टाफचं रक्त स्वतःच पितोय. पिअर्सन नावाच्या जुन्या, सज्जन हाताखालच्या माणसाला तो क्षुल्लक चुकीवरून नोकरी घालवण्याची धमकी देतो. इतक्यात विमा कंपनीचा माणूस म्हणून एक गृहस्थ येतात. बोलणं साखरेसारखं. साहेबांच्या बायकोमुलाच्या जिवाची भीती घालून ते त्यांच्याच हातून तिजोरी रिकामी करू लागतात. ना पिस्तूल, ना पळापळ. सगळा चित्रपट जवळजवळ त्या शाखेतच घडतो, आणि तरी मी खुंटीवरच्या पँटच्या खिशातली स्ट्राँगरूमची किल्ली दोनदा चाचपून आलो.

दरोड्याचं काय झालं ते सांगत नाही, तुम्ही पाहा. पण शेवटी साहेबांवर त्याच पिअर्सनपुढे पदर पसरायची वेळ येते, आणि पिअर्सन जुना हिशेब काढत बसत नाही. मला गहिवरून आलं. मी सौ.ला म्हटलं, "बघ, अगदी मीच आहे तो पिअर्सन!"

ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही कसले पिअर्सन? तुम्ही तो साहेब. त्या नव्या मुलाला परवा रात्री आठपर्यंत बसवलंत ना?"

खरंच बसवलं होतं. कॅश पाचशेने कमी आली. मी हेड कॅशियर. चारचौघांत त्याला प्रामाणिकपणावर व्याख्यान दिलं आणि पाचशे त्याच्या खिशातून भरून घेतले. दुसऱ्या दिवशी ती नोट सापडली. मी स्वतः बांधलेल्या बंडलात! शंभरऐवजी एकशे एक. मी पैसे परत केले, पण गुपचूप, फाइलखालून सरकवून. 'चुकलो' हा शब्द काही तोंडातून निघाला नाही. त्या फॉरडाइसला माणूस व्हायला निदान एक दरोडा लागला. माझ्या शाखेत तो तरी कोण घालणार?

सकाळी काउंटर उघडायच्या आधी सगळ्यांदेखत त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "परवा चूक माझी होती. नोट माझ्याच बंडलात होती. चल, चहा घेऊ."

पोरगा पांढराफटक पडला. म्हणाला, "सर, आज किती कमी आलेत?"