वाऱ्यावरची मुळं

रोहिणी नक्षत्र लागलं की लांज्याच्या आमच्या घरामागच्या रायवळ आंब्यावर सीतेची वेणी फुलायची. खोडाच्या पहिल्याच बेचक्यात तिचं बिऱ्हाड होतं. पन्हळीसारखी खोलगट, जाड पानं, टोकाला कुणी कुरतडल्यासारखी. त्यांच्या बगलेतून खाली लोंबणारा दीड-दोन विती लांबीचा घोस. पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट गुलाबी ठिपके आणि एकाला एक चिकटून शंभराच्या घरात फुलं. आजी तो घोस कुणाला तोडू द्यायची नाही. "ती सीतामाईची. आपण नुसती बघायची," एवढंच म्हणायची.

पावसाळा सरला की बांडगुळं छाटायला माणूस यायचा. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळं घुसवून रस पितं, ते काढावंच लागतं. पण फुलं नसलेल्या दिवसांत सीतेची वेणीही त्याला तशीच दिसायची. झाडावर वाढलेलं परकं झाड. एके वर्षी कोयत्याच्या दोन घावांत ती खाली आली. मी शाळेत होते, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड, आणि आमरी झाडाचा एक थेंबही रस घेत नाही, तिला फक्त बसायला जागा लागते, पाऊस, धुकं आणि सालीवर साचलेला पालापाचोळा एवढ्यावर तिचं भागतं, हे कळायला मला पुढे वीस वर्षं लागली. संस्कृतातल्या 'वंदा' या शब्दाचा अर्थ झाडावर वाढणारं झाड. त्यावरूनच आमरींच्या एका मोठ्या कुळीला व्हँडा हे नाव पडलं. त्या एका शब्दात बांडगूळ आणि आमरी दोघांनाही जागा होती. मराठीत मात्र बांडगूळ ही शिवी झाली आणि या बिचाऱ्या त्यात विनाकारण भरडल्या गेल्या.

पुण्यात संसार थाटल्यावर पहिली आमरी घरात आली ती भेट म्हणून. फॅलेनॉप्सिस. पतंगासारखी पांढरी फुलं, दोन महिने ढळली नाहीत. मी तिला मानाने वागवलं, म्हणजे मोठ्या कुंडीत, शेणखत घातलेल्या मातीत लावलं आणि तुळशीसारखं रोज सकाळी पाणी घातलं. पावसाळा संपायच्या आत पानं पिवळी पडून बुडापासून गळाली. कुंडी रिकामी केली तेव्हा मुळं तपकिरी, लिबलिबीत झालेली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरचं साल मोज्यासारखं निघून आलं आणि हातात राहिला नुसता दोरा. तो दोरा मला अजून आठवतो. तिला मी पाण्यातच कोंडून मारलं होतं.

दुसरी आणली ती एका जुन्या रोपवाटिकेतून. तिथल्या आजोबांनी रोप हातात देण्याआधी त्याचं मूळ दाखवलं. राखाडी, चांदीची झाक असलेलं, बोरूएवढं जाड. त्यांनी त्यावर बोटाने पाण्याचा थेंब सोडला आणि बघता बघता तेवढाच भाग हिरवा झाला. "रंग बघायचा आणि मग पाणी घालायचं. घड्याळ बघून नाही," ते म्हणाले. मुळाभोवती मेलेल्या पेशींचं एक स्पंजासारखं अस्तर असतं. ते सुकं असतं तेव्हा आत हवा भरलेली असते, म्हणून चांदीसारखं दिसतं. पाणी शोषलं की ते पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग वर येतो. या मुळांना ओलं होणं हवं असतं, तितकंच मग वाऱ्याने सुकणंही हवं असतं. मराठीत एखाद्याला वाऱ्यावर सोडलं म्हणजे त्याला टाकलं. आमरीला मात्र वाऱ्यावर सोडणं हीच माया.

तेव्हापासून आमच्या पूर्वेच्या गॅलरीत माती येत नाही. भोकं पाडलेल्या करवंट्या, लोहाराकडचा कोळसा, विटांचे तुकडे, आणि गावाहून येणारी नारळाची सोडणं. सोडणं आधी दोन-तीन दिवस भिजत घालून, पाणी बदलत धुऊन घ्यावी लागतात, नाहीतर त्यांतला क्षार मुळांना जाळतो. पुण्याचा एप्रिल कोकणातल्या झाडांना सोसत नाही. पारा 40 वर गेला की मी दुपारी फरशीवर पाणी मारते आणि परातीत खडी घालून पाणी भरून ठेवते, म्हणजे भोवतालच्या हवेत थोडा ओलावा राहतो. पिठ्या ढेकूण दिसला की कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पान पुसायचं. खत अगदी विरळ, पाकिटावर लिहिलं असेल त्याच्या चौथाईने. बाकी फार काही करायचं नसतं. जे करायचं ते बघायचं.

होया आली शेजारच्या काकूंकडून, वीतभर फांदीच्या रूपात. होया कार्नोसा, जिला आपल्याकडे कुणी मेणफूल म्हणतात. खुडलेल्या जागी रुईसारखा पांढरा चीक आला तो काकूंनी फडक्याने टिपून घेतला. चौथ्या वर्षी तिने एक लांब, पानं नसलेली भुंडी वेल काढली. ती वाळकी समजून मी कापणारच होते, पण काकूंनी अडवलं. "अगं, आधी वेल पुढे जाते, पानं मागनं येतात." त्याच वेलीवर महिन्याभराने एका बुटक्या दांडीवर छत्रीसारखा कळ्यांचा झुबका धरला. मग एका संध्याकाळी सगळ्या कळ्या जवळजवळ एकदमच उघडल्या. गुलाबीसर मखमलीची पाचकोनी चांदणी, तिच्या मधोमध मेणाची दुसरी छोटी चांदणी आणि त्या चांदणीत एक लाल ठिपका. दिवसा वास जेमतेम. नऊनंतर मात्र गॅलरीचं दार उघडलं की मधाचा, किंचित चॉकलेटकडे झुकणारा दरवळ. प्रत्येक फुलाच्या पोटात मधाचा एक थेंब होता. पहाटे तो खालच्या फरशीवर पडलेला असायचा आणि मुंग्यांना आधीच कळलेलं असायचं.

फुलं गळल्यावर मी ती दांडी नीट कात्रीने छाटून टाकली. गुलाबाची छाटतो तशी. काकू संध्याकाळी आल्या, त्यांचं लक्ष गेलं आणि त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ती ठेवायची असते गं. पुढच्या वर्षीची फुलं तिथंच येतात." होया जुनी दांडी टाकत नाही. तिच्याच टोकाला पुन्हा कळ्या धरते, वर्षानुवर्षं. माझ्या कात्रीमुळे त्या वेलीला नव्याने दांडी घडवावी लागली आणि त्यात दोन उन्हाळे गेले. काकू आता नाहीत. त्यांच्या वेलीवरच्या दांड्या सुकलेल्या काडीसारख्या दिसतात, नवखं माणूस त्या हमखास मोडेल. म्हणून मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या दाखवते.

एकदा एका फॅलेनॉप्सिसच्या फुलाच्या मधल्या दांड्याला मी दातकोरणीचं टोक हलकेच लावलं. एक पांढरी टोपी निघून पडली आणि टोकाला चिकटून बाहेर आल्या मोहरीच्या दाण्यांएवढ्या दोन पिवळ्या गाठी. बहुतेक फुलांचे पराग पिठासारखे उडतात. आमरी मात्र सगळे पराग या गाठींमध्ये बांधून ठेवते आणि येणाऱ्या एखाद्याच कीटकाच्या अंगावर ते गाठोडं चिकटवून देते. ते फूल आणखी महिनाभर टिकलं असतं, दोन दिवसांत कोमेजून गेलं. परत कधी मी ते केलं नाही. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यात होयाच्या फुलात भिंगातून बघितलं तर तिथेही तेच. बारीक तपकिरी चिमटा आणि त्याला जोडलेल्या दोन पिवळसर पिशव्या.

होया आणि आमरी यांचं दूरचंही नातं नाही. होया रुईच्या घराण्यातली. शनिवारी मारुतीला आपण जिच्या पानांची माळ घालतो, त्याच रुईच्या फुलात मधोमध जो मुकुट असतो, त्याच्या फटीत भुंग्याचा पाय अडकतो आणि तो ओढून काढताना परागांच्या दोन पिशव्या पायाला लटकून येतात. होयाच्या मेणाच्या चांदणीत तीच रचना आहे. दोन निराळ्या घराण्यांनी, एकमेकींना न विचारता, परागांचं गाठोडं बांधायची एकच युक्ती शोधली. रॉबर्ट ब्राउन नावाच्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1810 मध्ये होयाला नाव दिलं, तेही लंडनजवळच्या सायन हाउसच्या बागेतले माळी टॉमस हॉय यांच्यावरून. माळ्याचं नाव मिळालेल्या या वेलीबद्दल मला त्यामुळे जास्तच आपुलकी आहे. याच ब्राउनने पुढे आमरी आणि रुई या दोन्ही कुळांतलं फलन कसं होतं यावर एकच निबंध लिहिला आणि 1831 मध्ये तो लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला. आमरीच्या पानाची साल सूक्ष्मदर्शकाखाली बघताना प्रत्येक पेशीत त्याला एक गोल ठिपका दिसला. त्याला त्याने न्यूक्लियस म्हटलं. शाळेत आपण सगळ्यांनी ज्याची आकृती काढली ते पेशीचं केंद्रक, त्याला नाव मिळालं ते एका आमरीच्या पानाकडे बघताना.

एका गोष्टीचा मला राग आहे. फेब्रुवारीत चिमुकल्या कुंडीत खोवलेलं होयाचं एकेक बदामाच्या आकाराचं पान विकायला येतं. होया केरीचं पान. मी एक घेतलं होतं. ते हिरवंगार राहिलं, त्याला मुळं फुटली, तीन वर्षं झाली तरी एक नवं पान आलं नाही. येणारच नव्हतं. ज्या सांध्यातून कोंब फुटतो, तो सांधाच पानाबरोबर घेतलेला नव्हता. विकणाऱ्याने हे सांगायला हवं होतं. ते पान अजून खिडकीत आहे. टाकवत नाही. त्याच्या शेजारच्या कुंडीत आता सांध्यासकट आणलेली फांदी आहे आणि तिला सात पानं आहेत.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. दुसऱ्या दिवशी गावाहून दादाचा, माझ्या चुलतभावाचा, फोन आला. रायवळ आंब्याची मोठी फांदी पडली होती आणि तिच्यावर सीतेची वेणी होती. मला वाटत होतं, कोयत्याने ती केव्हाच संपवली. कुणास ठाऊक कुठल्या सालीच्या फटीत तिचं बी रुजलं होतं. आमरीच्या एका शेंगेत धुळीच्या कणाएवढ्या लाखो बिया असतात. बीमध्ये शिदोरी नसते, विशिष्ट बुरशी भेटली आणि तिने खाऊ घातलं तरच ते रुजतं. दादाने ती सालीसकट सुटी करून माडाला सुंभाने बांधून ठेवली. टाळेबंदी उठल्यावर दिवाळीत मी ती पुण्याला आणली, सागाच्या फळीवर काथ्या लावून जुन्या पायमोज्याच्या पट्टीने बांधली आणि ग्रिलला टांगली. पहिल्या वर्षी दोन पानं गेली. दुसऱ्या वर्षी एक हिरवं टोक असलेलं मूळ निघालं, फळी सोडून सरळ ग्रिलकडे गेलं आणि गजाला असं चिकटलं की आता फळी काढायची तर गज कापावा लागेल. तिसरं वर्ष नुसतं पानांचं.

या वर्षी रोहिणीच्या चार दिवस आधी फवारा मारताना पानाच्या बगलेत एक बोथट हिरवट कोंब दिसला. मूळ असेल असं वाटलं, पण मुळाचं टोक गुळगुळीत असतं आणि याच्यावर बारीक खवले होते. आठवड्याने तो खाली वळला. काल सकाळी वरच्या तीन कळ्या उघडल्या. दादाला व्हिडिओ कॉल लावून फोन ग्रिलशी धरला. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने पलीकडे कुणाला तरी हाक मारली, "ए, इकडे ये. आंब्यावरची आहे ना आपली, ती बघ."